परतीच्या तारेवरचं बटण

२८ सप्टेंबर. दसऱ्याच्या साफसफाईत आज बल्ब पुसायला घेतले आणि तापलेल्या धुळीच्या वासाने बंगळूरमधलं आमचं पहिलं क्वार्टर आठवलं. यजमानांना कारखान्यात नोकरी लागून आम्ही नवीनच आलो होतो. एके दिवशी देवघरातला बल्ब गेला. मी बटण बंद करून तो काढला, बोट होल्डरला लागलं आणि सणसणीत झटका बसला. शाळेतलं विज्ञान आठवलं: विजेची एक तार येणारी, एक परतीची, कुठलीही तोडली तरी दिवा विझतो. आमचं बटण परतीच्या तारेवर होतं, म्हणून होल्डरपर्यंत वीज कायम येऊन उभी होती. आणि सासूबाई रोज ओलेत्याने पूजा करायच्या, त्या बल्बवरची जळमटं ओल्या हातानेच काढायच्या. माझा जीव थाऱ्यावर राहिना. वायरमनला बोलावलं, तर तो बटण दोनदा दाबून म्हणाला, “दिवा विझतो ना, अक्का? सरी, ठीक आहे, मग अजून काय पाहिजे?” यजमान म्हणाले, “रविवारी बघू.” सासूबाईंना देवघरात जाऊ नका म्हटलं, तर त्या खेकसल्या, “तुझ्या तारांपायी देव पारोसे ठेवू?” संध्याकाळभर मी देवघरासमोर येरझाऱ्या घातल्या. आज मी तेवढीही थांबले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून पिशवीत टाकला, सासूबाईंना समई लावून दिली आणि वायरमनच्या घरी जाऊन बटण येणाऱ्या तारेवर घ्यायला त्याला इडलीच्या ताटावरून उठवलं.