गाशावरची झोप

पेठेतल्या हलवायानं दुकान कायमचं बंद केलं, तेव्हा शेजारची सून हसून म्हणाली, "काकू, त्यानं गाशा गुंडाळला!" जन्मात गाशा न पाहिलेल्या पोरीही आता हे सर्रास बोलतात. आमचा गाशा, म्हणजे यांच्या घोड्याच्या खोगिरावरचं लोकरी कापड, तेव्हा अंगणातच उन्हात पसरलेला होता. त्याला घोड्याच्या घामाचा वास अजून येतो.

त्या वासानं मला दसऱ्यानंतरची एक सकाळ आठवली. हे शिलेदार. पथक मुठेकाठी जमलेलं. गाशा गुंडाळला की स्वारी निघालीच! मी यांच्या हातावर घालायला दही घेऊन उभी, आणि आमची तान्ही लेक नेमकी गाशावरच निजलेली.

"उचलते तिला," मी म्हणाले.

"निजू दे. उठली की गुंडाळतो."

उशीर झाला तर बोलणी बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. लेक उठली ती दिवस कलल्यावर. दही मीच खाल्लं. हे दुसऱ्या दिवशी स्वारीवर निघाले.

"काकू, ऊन उतरलं. गाशा आत नेऊ का?" सुनेनं विचारलं.

गाशावर हे घोरत होते.

"राहू दे," मी म्हणाले. "उठले की गुंडाळू."