पेनाचे सहा तास

हरेशमामा रजेवर घरी आला की पहिले दोन दिवस फार मोठ्याने बोलतो. लहान विमानाच्या इंजिनामागे रोज पाच-सहा तास बसून त्याला तशी सवय लागली आहे. "अहो, मी समोरच आहे," असं वसुंधरामामी दोन-तीनदा म्हणते, मग त्याचा आवाज खाली येतो. तोवर त्याची परत जायची तारीख जवळ आलेली असते.

मामा बेचाळीस वर्षांचा आहे. पनवेलजवळच्या कोन गावातल्या घरतांच्या घरात शेती आणि मिठागरं सोडून वेगळं काही करणारा तो पहिलाच. त्याच्या हातात पायलटचं लायसन्स आलं २००८ साली, आणि त्याच वर्षी विमान कंपन्यांनी भरती थांबवली. तात्पुरतं म्हणून तो राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका उड्डाणशाळेत शिकवायला लागला. चार वर्षांनी एका कंपनीत निवड झाली, पण रुजू होण्याआधीच ती कंपनी बंद पडली. नंतर भरती उघडली तेव्हा कंपन्यांना तरुण मुलं हवी होती. ती तरुण मुलं मामानेच शिकवलेली होती.

"पोरगा पायलट हाय, पन मना कंदी ईमानान बसवला नाय," भामाआजी अजून सगळ्यांना सांगते. मामा हसतो. त्याच्या विमानात चार माणसं बसतात आणि ते गावाला येत नाही.

या वर्षी मात्र चित्र बदलणार होतं. पनवेलच्या बाहेर वैमानिकांसाठी एक नवं प्रशिक्षण केंद्र उघडतंय. तिथे त्यांना परीक्षक हवा होता आणि त्यांनी मामाला निवडलं होतं. घरापासून पंचवीस मिनिटं. त्याची मुलगी प्राची दहावीत आहे. बाप रोज संध्याकाळी घरी येतो म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नाही. तिने आपल्या खोलीतलं टेबल सरकवून वडिलांच्या पुस्तकांना जागासुद्धा करून ठेवली होती.

फक्त नेमणुकीचा अर्ज भरून द्यायचा राहिला होता. सोमवार शेवटचा दिवस. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा अर्जाची सगळी पानं भरलेली होती, फक्त पाचव्या पानावर सही नव्हती.

"अंकिता, तू रोज सह्या करतेस ना?" मामाने विचारलं. मी विमानांच्या देखभालीचं काम करते. एखादा बोल्ट घट्ट केला तरी त्याच्या नोंदीखाली सही करावी लागते.

"हो."

"खोटी केलीस कधी?"

"नाही."

"चांगलं आहे," तो म्हणाला आणि पान माझ्यापुढे सरकवलं. त्यावर एक वाक्य होतं: प्रशिक्षक म्हणून मी आजवर प्रमाणित केलेली प्रत्येक नोंद प्रत्यक्ष झालेल्या उड्डाणाची आहे.

मी काही विचारणार, एवढ्यात दाराशी गाडी थांबली. मामाचा जुना मित्र अली आला होता. दोघे एकाच तुकडीत उड्डाण शिकले होते. अलीभाई पनवेलच्या मोहल्ल्यातले, आता आखातात मालवाहू विमानं उडवतात. त्यांच्या मागोमाग केतन उतरला. केतन मामाचा विद्यार्थी. एका मोठ्या कंपनीत सहवैमानिक आहे आणि पुढच्या महिन्यात कॅप्टन होणार आहे, म्हणून पेढे घेऊन आला होता.

केतनला पाहून मामाने पाचवं पान उलटं करून ठेवलं.

जेवायला जिताडा माशाचं कालवण होतं. पहिला घास पोटात गेला नाही तोच अलीभाई सुरू झाले. "हरेश, अठरा वर्षं पोरांना विमान उतरवायला शिकवतोयस. एक तरी पोरगा नीट उतरला का?"

"सगळे उतरले. तुलाच कोणी शिकवलं नाही."

"तौबा! त्या दिवशी धावपट्टीवर म्हैस होती, म्हणून..."

"म्हैस डावीकडच्या शेतात होती. आणि तूही डावीकडच्या शेतातच होतास."

मामीला ठसका लागला. मग आठवणी निघत गेल्या. कोण कुठे पोचला, कोणी उड्डाण सोडून हॉटेल काढलं, कोणाचं लायसन्स डोळ्यांमुळे गेलं. केतन ऐकत होता. मध्येच तो उत्साहाने म्हणाला, "पण माझ्या ट्रेनिंगचे सगळ्यात भारी तास कुठले सांगू? ते पावसातले सहा तास. सर, आठवतंय?"

मामाचा हात ताटात थांबला.

"थांबा, मीच सांगतो," केतन म्हणाला. "२०१४चा ऑगस्ट. बारा दिवस ढग उठले नाहीत. माझे उपकरणांवरच्या उड्डाणाचे सहा तास बाकी, आणि कंपनीची शेवटची तारीख चार दिवसांवर. मग शाळेचे चीफ म्हणाले, चाकांना ठोकळे लावा, इंजिन सुरू करा आणि बसून राहा. तासांचा मीटर चालतोय ना, बस्स. आम्ही तीन दिवस रोज दोन-दोन तास उभ्या विमानात बसलो! पंखा फिरतोय, पाऊस पडतोय, वॉचमन छत्री घेऊन बघतोय. आणि सरांनी मला हूडसुद्धा घालायला लावलं."

हूड म्हणजे डोळ्यांवर बांधायची झापड. ती लावली की बाहेरचं दिसत नाही, फक्त समोरचे काटे दिसतात.

"जागचं हलत नाही त्या विमानात हूड?" अलीभाई हसायला लागले.

"हो ना! सर म्हणायचे, आता तुझी उंची दोनशे फूट घटली, काय करशील? आता उजवीकडून वारा आला, काय करशील? काटा तर जागेवरच! पण मी घामाघूम. तिसऱ्या दिवशी सरांनी सहा तास उडवले म्हणून लॉगबुकात सही केली. पेनाचे तास. आमच्यात सगळे तेच म्हणतात."

मामा हसला नाही. त्याने हात धुतले आणि आत जाऊन ते पाचवं पान आणलं. केतनच्या ताटाशेजारी ठेवलं.

केतनने वाचलं. "हे काय, सर?"

"नव्या केंद्राचा अर्ज. उद्या शेवटचा दिवस."

"मग करा ना सही."

"यात 'प्रत्येक नोंद' लिहिलंय. त्या सहा तासांची कशी वगळू?"

अलीभाईंनी पान ओढून वाचलं. मग म्हणाले, "यार, त्या सहा तासांनी कोणाचं काय बिघडलं? पोराने त्यानंतर पाच हजार तास उडवले. तू घरी ये, बाबा. प्राचीकडे बघ."

"हे मी मनाशी रोज म्हणतो," मामा म्हणाला. "चीफने सांगितलं, मी ऐकलं. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. प्राची चार वर्षांची होती. हे सगळं खरंच आहे, अली. पण सही माझी आहे."

"आणि खरं लिहिलंत तर?" मामीने विचारलं. तिला हे आजच कळत होतं.

"तर तारखा तपासतील. त्या तारखांच्या नोंदींत केतनचं नाव आहे. त्याचं लायसन्स जाईल."

केतनचा चेहरा उतरला. "सर, प्लीज. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे."

"मी लिहिणार नाही रे. घाबरू नकोस." मामाने पान परत आपल्याकडे घेतलं. "केतन, एक सांगशील? कॅप्टनच्या अर्जातही असं वाक्य असतं ना? माझे सगळे तास खरे आहेत म्हणून?"

"असतं."

"सही करताना काय वाटलं?"

केतन खरंच आठवू लागला. "काही नाही, सर. खरं सांगतो, हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे सगळे जण असले किस्से सांगतात. मी तर नव्या मुलांना हा किस्सा नेहमी सांगतो. खूप हसतात."

हे तो प्रामाणिकपणे बोलला, आणि तेच मामाला लागलं असावं. त्या तीन दिवसांत त्याने झापड बांधलेल्या मुलाला वारा शिकवला, उंची शिकवली. तिसरी गोष्ट त्याने शिकवायची ठरवली नव्हती, पण मुलगा तीही शिकला होता, आणि आता पुढच्या मुलांना देत होता.

"रजा काढून शाळेवर ये," मामा म्हणाला. "ते सहा तास आपण उडवू. कुठे लिहायचे नाहीत. फक्त उडवायचे."

केतन ओशाळून हसला. "सर, मी आता जेट उडवतो. सहा तास त्या छोट्या विमानात... बघतो. नक्की बघतो."

तो येणार नाही, हे मामालाही कळलं असावं. त्याने पेढा घेतला, केतनच्या पाठीवर हात ठेवला. अलीभाईंनी म्हशीचा विषय पुन्हा काढायचा प्रयत्न केला, पण कोणी साथ दिली नाही. चार वाजता दोघे निघून गेले.

मामाने केंद्राच्या प्रमुखांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. "माझं नाव काढून टाका," तो म्हणाला. पलीकडून कारण विचारलं असावं. "घरगुती लिहा." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "नाही, पगाराचं नाही. नाही सर, दुसरीकडे कुठे नाही. तिथेच परत जातोय."

फोन ठेवल्यावर मामी म्हणाली, "म्हणजे अजून मी एकटीच." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "अकरा वर्षं मला सांगितलं नाहीत."

"लाज वाटत होती."

"केतनला नाही वाटत, आणि तुम्हाला वाटते. आणि भोगायचं मी." तिने ताटं उचलली. एक परत खाली ठेवलं. "तुम्ही सही केली असती तर मी काही म्हटलं नसतं. हे तुम्हाला माहीत असू दे."

"माहीत आहे."

"मग त्या चीफला का नाही कोणी विचारत?"

"ते वारले. चार वर्षं झाली."

मी मदतीला उठले, पण मामीने मला हाताने खाली बसवलं. भामाआजी ओटीवरून सगळं ऐकत होती. तिला त्यातलं एवढंच समजलं होतं की हरेश परत चाललाय. "मंग आता कंदी येशील?" तिने विचारलं.

"दिवाळीला, आये."

"मागल्या सालाबी हाच बोल्लास."

मामाने अर्जाची पानं एकावर एक जुळवली, फाडली नाहीत, नुसती दुमडून खिशात ठेवली.

"प्राचीला काय सांगू?" मामीने आतून विचारलं. "क्लासहून आली की ती पहिलं हेच विचारेल."

"नोकरी मिळाली नाही असं सांग."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्याच्याकडे बघत राहिली. मामाने मान खाली घातली.

"बरं," तो म्हणाला. "मीच सांगतो. जे झालं ते."

सहा वाजता प्राची आली. खांद्यावरची बॅगही न काढता तिने विचारलं, "बाबा, भरला फॉर्म?"

"इथे ये. बस," मामा म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होता, की तिला त्याच्या अगदी शेजारी जाऊन बसावं लागलं.