रेवणप्पा आणि मैदानाचं पाणी

भर उन्हाळ्यातला रविवार. लातूर जिल्हा नुकताच झालेला. जिल्हा कबड्डी संघाची बैठक. हजर: अध्यक्ष, सगळ्या क्लबांचे प्रतिनिधी, सचिव म्हणून मी. मुरुडच्या क्लबाचे रेवणप्पा उशिरा आले आणि नेहमीप्रमाणे, मी लावलेलं दार उघडून उंबऱ्याशीच बसले. मुरुडला त्यांचं कापडाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज रस्त्यापर्यंत जाणारा.

“आप्पा, दार लावा. ही मीटिंग हाय, बाजार न्हाई,” अध्यक्ष म्हणाले.

“बाजारच की! बैलबाजार. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायलाव.”

सगळे हसले. दार मी पुन्हा लावलं.

विषय अंतिम सामन्याचा होता. सामना मुरुडला. कबड्डीचं मैदान ओलं केलं नाही तर गुडघे सोलतात, आणि गावात प्यायलाच पाणी नव्हतं. सोय मीच सुचवली: वस्तीवर प्यायचं पाणी नेणारा टँकर पहाटे मैदानाकडे वळवायचा. मंजूर झालं. बैठकीतलं बाहेर जाऊ नये, हा नियमही मी वाचून दाखवला.

“चोरी करायची न् वर मुकं बसायचं? मला जमायचं न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो,” रेवणप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कापड मोजता मोजता त्यांनी गिऱ्हाइकांना सगळं सांगितलं. सामन्याच्या पहाटे टँकर आला, तेव्हा बायका घागरी घेऊन मैदानात बसलेल्या. पाणी घरोघर गेलं. सामना कोरड्या मातीवर झाला. आप्पांच्या क्लबाच्या पोरांचीही ढोपरं सोलली, तरी सामना त्यांनीच जिंकला.

संघाने मुरुडच्या क्लबाला काढून टाकलं. खरं कारण कळवलं असतं तर टँकरही उघडा पडला असता. मी पत्रात ‘बेशिस्त’ एवढंच घातलं. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या चमूत त्या पोरांपैकी कुणी नव्हतं. पोरांनीच काही केलं असेल, असं गाव समजलं.

रेवणप्पा माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही.

“सायेब, मला काढा, तक्रार न्हाई. पर पोरायला बेशिस्त म्हणलाव. मी खरं सांगितलं, तर लोक म्हणायलेत, आप्पा पोरायची बाजू घ्यायलेत. तुम्ही या, तुमच्या तोंडानं सांगा.”

“येतो,” मी म्हणालो.

गेलो ते कितीतरी वर्षांनी, आप्पा वारले तेव्हा. माती द्यायला तीच पोरं पुढे होती. आता कानशिलांवरचे केस पिकलेले. एकाने मला ओळखलं, सावलीत जागा करून दिली. मी थोडा वेळ बसलो आणि परतीची बस धरली.

गावाला ते खरं कारण सांगायचं अजून बाकी आहे.