आईला जागेवर सगळं

पाण्याची कळशी घेऊन येताना आई अंगणात पडली. लागलं फार नाही. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. पण गल्ली जमली आणि शेजारची म्हातारी माझ्याकडं बघत म्हणाली, "घरात ल्योक-सून असून ही आजून पाणी भरायलीय व्हय?" ते मला फार झोंबलं.

त्या दिवसापासून माझं फर्मान निघालं. आईनं उठायचं नाही. चहा बाजेवर, जेवण बाजेवर, न्हाणीत न्यायला बायको. आईनं पाय खाली सोडले की मी ओरडायचो, "कावून उठायलीस? काय पायजे ते सांग की!" दर चतुर्थीला लिंबागणेशला पायी जाणारी बाई ती. गाडीवर नेतो म्हणालो, तेही राहून गेलं. पाहुण्यांना मात्र न चुकता ऐकवायचो, "आईला जागेवर सगळं देतो." पाहुणे माना डोलवायचे आणि मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

पुढं ती न्हाणीच्या दारात तोल जाऊन भिंत धरू लागली, तेव्हा बीडला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हात न टेकता खुर्चीतून उठा, भिंतीपर्यंत जाऊन परत या." आई अर्धवट उठली आणि परत खुर्चीत बसली. दुसऱ्यांदा उठताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"दिवसभरात किती चालतात?"

"अजिबात नाही. अंगणात पडल्यापासून जागेवर सगळं देतो आम्ही." मी ताठ मानेनं सांगितलं.

"म्हणूनच पाय गेलेत त्यांचे. त्या एका पडण्यानं नव्हे, बसवून ठेवल्यानं. असंच चाललं तर आता खरंच पडतील, आणि हाड मोडेल."

मला तोंड लपवावंसं वाटलं. त्यात आईच माझी बाजू घेऊ लागली, "त्याला बोलू नका बाई, लई करतोय माजं." त्यानं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या काळजीपेक्षा मला गल्लीच्या तोंडाची काळजी जास्त होती, हे मला ठाऊक होतं.

न्हाणीच्या भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली. सकाळी भिंतीला लावून खुर्ची ठेवली, आईला बसवलं आणि समोर उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला व्यायाम एवढाच, उठायचं आणि बसायचं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी माझी आई खुर्चीची कड धरून नुसती बसून राहिली. मग माझ्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाली, "उठू का रं? वरडणार न्हाईस ना?"