बुटकी कमान

आमच्या मागच्या खोलीत सध्या एक घरजावई राहतो. खोली अडवून बसलाय, वीज खातो, आणि सुरू झाला की शेजारच्या पॉवरलूमनेही कानावर हात ठेवावा असा ओरडतो. माझ्या नातीने तो स्वतःच्या हाताने घडवलाय. ती त्याला सीएनसी राउटर म्हणते. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि ती यंत्राने लाकडात कोरायची, असा सगळा मामला.

मला समजलं, म्हणजे कोणालाही समजेल. एक भक्कम टेबल. टेबलावर कमान, म्हणजे दोन बाजूंना दोन खांब आणि वर आडवी तुळई. तुळईला कोरणारी मोटर लावलेली. मोटर तुळईवरून डावी-उजवीकडे जाते आणि अख्खी कमान टेबलावरच्या रुळांवरून पुढे-मागे सरकते. या कमानीला म्हणायचं गँट्री. आणि सगळं दुखणं होतं ते या गँट्रीत. गोल कोर म्हटलं की ती अंडं कोरायची.

गोलाचं एवढं कौतुक कशासाठी, तर गावातल्या इतवारा मोहल्ल्यातले एक सुतार मिस्त्री दारं बनवतात. दाराच्या फळीत गोल खळगा करून त्यात कोरलेलं कमळ बसवतात. त्यांनी नातीला सांगितलं होतं, "बेटी, कमल कैसे भी घुमा के बैठना चाहिए. बैठा, तो दरवाज़ों का काम तेरा." आणि दुसरीकडे तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, तिच्यासाठी इंदूरला नोकरी बघून ठेवली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की हजर व्हायचं. मुलगाही काही दुष्ट नाही. त्याला आपली काळजी. कमळ बसलं तर पोरगी इथे, नाही बसलं तर इंदूर. ती नुसती ताटात वरणभात फिरवत बसायची. तोही अंड्यासारखाच.

तिने तुळई काढून दुप्पट जाडीची लावली. तरी अंडंच, फक्त जरा महाग. मग तिने घड्याळासारखी एक तबकडी आणली. केसाएवढं काही हललं तरी तिचा काटा सरकतो. ती मोटरपाशी लावली आणि मला हाक मारली.

"आजी, मोटरला जरा बोटाने ढकल."

मी एक बोट लावलं. काटा पळाला.

"अव माय! माझ्यात इतकी ताकद?"

"तुझ्यात नाही गं. यही तो प्रॉब्लेम है." तिने तबकडी खांबाच्या बुडाशी लावली. "आता ढकल."

काटा जागचा हलला नाही.

"बघ. पाय पक्के आहेत. वरूनच डोलतंय, म्हणून गोलाचं अंडं होतं."

मी खांबांकडे बघितलं. चांगले हातहातभर उंच. म्हटलं, "एवढं उंच कशाला व पोरी? खालून केळीचा घड न्यायचाय का?"

"उद्या कोणी मूर्ती कोरायला आणली तर?"

"आणि आज काय कोरायचंय?"

"फळी."

"केवढी जाड?"

तिने दोन बोटं दाखवली. मग जरा चिडूनच म्हणाली, "मला माहीत आहे, आजी. जितकं उंच, तितकं डोलणार. पहिल्या धड्यातलं आहे ते. पण बुटकी गँट्री कशी दिसते माहितीय? खिलौना लगता है."

मला हसू आवरेना. ती रागावली. मग मला सांगणं भागच पडलं.

लग्न होऊन मी कागद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा मी मॅट्रिक झालेली होते. म्हणजे माझ्या मते जवळजवळ कलेक्टरच. कुठल्याशा मासिकात उभ्या ओट्याचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासून जमिनीवर बसून केलेलं प्रत्येक काम मला मागासलेलं वाटे. आखाजीच्या आधी घरोघरी शेवया व्हायच्या. बाया यंत्र बुटक्या पाटाला आवळायच्या, एक पाटावर बसायची, दुसरी दांडा फिरवायची. मी जाहीर केलं, मी उभ्याने शेवया करणार! कारखान्यात सामान यायचं त्या खोक्यांच्या फळ्या आणवल्या आणि नवऱ्याकडून छातीएवढी उंच घोडी ठोकून घेतली. नवरा नवा होता, ऐकायचा. वर यंत्र बसवलं, देव बसवावा तसं, आणि शेजारणींना चहाला बोलावलं.

मी दांडा फिरवला. दांडा एकीकडे, घोडी दुसरीकडे. शेवया सरळ पडायच्या सोडून नागमोडी पडू लागल्या. मी म्हटलं, पाय बारीक आहेत. जाड पाय लावले. मग जाड पायांची घोडी डोलायला लागली. मग मी ती दोरीने खिडकीच्या गजाला बांधली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बांधलीच हाय तर दूध बी काढून घे व सूनबाई."

शेजारणी पदरात तोंड घालून हसल्या. सासूबाईंनी करवत आणली, चारही पाय गुडघ्याखाली येतील असे कापले, आणि मला उचलून वर बसवलं. "आता हाल म्हण तिला." घोडी हलली नाही. दुपारभर शेजारणी दांडा फिरवत होत्या आणि मी वर बसून होते. माझ्या मॅट्रिकचा सासरी झालेला पहिला उपयोग, वजन म्हणून.

नात पोट धरून हसली. "आजी, उंच असलं की डोलतं, एवढंही तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की. शिडीवर कोण चढलेलं नसतं? पण मला उभं दिसायचं होतं."

तिचं हसू माझ्या आधी थांबलं. ती गँट्रीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने कागदावर नवीन चित्र मांडलं. खांब वीतभर. बूड पुढे-मागे रुंद. पाठीमागून तिरकस पट्ट्यांचा आधार. आणि पोकळ खांबांची उघडी बाजूही पत्र्याने बंद. ते कशाला, विचारलं, तर तिने चपलांचं रिकामं खोकं माझ्या हातात दिलं. "पिळून बघ." खोकं वेडंवाकडं झालं. मग तिने चारी बाजूंनी झाकण चिकटवलं. "आता पिळ." पिळलं नाही. मी जन्मभर खोकी उघडत आणि बंद करत आले, पण हे काही बघितलं नव्हतं.

नवी गँट्री उभी राहिली. खरंच खेळण्यासारखी. तबकडी लागली. "ढकल, आजी." बोट लावलं, काही नाही. तळवा लावला, काही नाही. खांदा लावून रेटलं तेव्हा काटा जेमतेम थरथरला. कुरकुर ऐकू आली, पण ती माझ्या गुडघ्याची होती.

मिस्त्री आले त्या दिवशी मुलगाही हाताची घडी घालून दारात उभा होता. सागाच्या फळीत खळगा कोरून झाला, दुसऱ्या तुकड्यातून कमळ निघालं. मिस्त्रींनी ते बसवलं. बसलं. काढून थोडं फिरवून बसवलं. बसलं. आणखी फिरवलं आणि अडकलं.

नातीने डोळे मिटून घेतले. मिस्त्रींनी खळग्याच्या कडेवरून नख फिरवलं, लाकडाचं एक बारीक कुसळ उपटलं, फुंकर मारली. पुन्हा ठेवलं. कमळ डब्याच्या झाकणासारखं आत गेलं. मग त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं, आम्हाला वाटलं आता पाकळ्या झिजवतात की काय.

"कल से लकड़ी भेजता हूँ, बेटी," ते म्हणाले.

ते गेल्यावर मुलगा आत आला. गँट्रीला आधी अंगठा लावला, मग तळवा, मग आम्ही बघत नाही असं समजून खांदा. चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "इंदूरला फोन करून नाही म्हणून सांगतो."

लाकूड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही आलं नाही. आखाजी जवळ आली होती. मी गँट्री पार पलीकडे सरकवली, टेबलावर चादर पसरली आणि शेवयांचं यंत्र टेबलाच्या कडेला आवळलं.

"आजी! रेल पर आटा मत गिराना!" नात ओरडत आली.

"चादर घातलीय. ओरडू नको, दांडा फिरव."

तिने दांडा फिरवला. टेबल ढिम्म. शेवया सरळ, लांब, एका रेषेत उतरायला लागल्या, आणि मी त्या काठीवर झेलत होते. उभ्याने. सासूबाई असत्या, तर करवत शोधायला गेल्या असत्या.