चपलेचा फोटो

जागांची दलाली करणाऱ्या एका गृहस्थांची वेबसाइट मी सांभाळतो. अलिबागेत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. ते आले की चपला बाहेर काढतात, पंख्याखाली बसतात आणि प्रत्येक वाक्य "आता असं बघा"ने सुरू करतात.

नकाशा, सातबारा, रस्ता, फोन नंबर हे सगळं इतर दलालांच्या साइटवरही असतं. यांचा हट्ट एका जादा फोटोचा. अमावास्येच्या उधाणाला ते स्वतः जागेवर जातात, भरतीचं पाणी जिथवर चढलं तिथे आपली एक चप्पल ठेवतात आणि फोटो काढतात.

"हे बघून कोण घेईल जागा?" मी एकदा विचारलं.

"आता असं बघा, गिऱ्हाईक ओहोटीला येतं आन् खूश होऊन जातं. पाणी कुठवर येतं ते त्याला ठाऊक हाय का? न्हाय. मग कोणी सांगायचं?"

यंदा मी आमची खाडीकाठची जागा त्यांच्याकडे विकायला दिली. उधाणानंतर फोटो आला. चप्पल आमच्या विहिरीच्या कठड्याला टेकली होती.

"हा एवढा नको टाकायला," मी म्हटलं.

"साइट तुमच्याच हातात हाय," ते म्हणाले आणि उठले.

आज साइटवर सगळ्या जागांखाली चप्पल दिसते, माझी सोडून. ते अजून येतात, पंख्याखाली बसतात, नव्या जागांचे फोटो देऊन जातात. परवा माझ्या जागेला गिऱ्हाईक आलं. जागा दाखवायला त्यांनी अमावास्येचा दिवस दिलाय, ऐन भरतीची वेळ.