गाडीनं मान खाली घातली नाही

सुखदेवकाका मोटारसायकलची शर्यत कधी खुर्चीवर बसून बघत नसत. दुकानातल्या लाकडी बाकावर ते एखादं अर्धवट झालेलं सीट ठेवत, रेक्झिन न चढवलेलं, नुसता पत्रा आणि फोम, आणि त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसत. समोर फळीवर छोटा टीव्ही. पडद्यावर उजवं वळण आलं की काका उजवीकडे झुकत, डावं आलं की डावीकडे. सरळ रस्ता लागला की छाती सीटला टेकायची. साठीला आलेला, पांढऱ्या मिशीचा, गळ्यात मापाची टेप अडकवलेला माणूस पाऊण तास असा डुलत असे. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत नवीन आलेलं कोणी ते पाहून हसलं, तर पडद्यावरची नजर न हलवता काका म्हणत, "हास बावा, हास. मी पडलो तं बाकावरून पडन. तो पडला तं तीनशेच्या स्पीडनं पडन. मंग त्याच्यासंगं थोडं झुकाले आपलं काय जाते?"

काकांचा धंदा गाड्यांची सीट शिवण्याचा. फाटकं सीट घेऊन गिऱ्हाईक आलं की ते आधी सीट उलटंसुलटं करून बघत आणि मग माणसाकडे. "तुह्या सीटची डावी बाजू घासली हाये, उजवी कोरी. उजवीकडं वळाले भेव वाटते का तुले?" गिऱ्हाईक चपापायचं, कारण बहुतेक वेळा ते खरं निघायचं. एकदा शाळेतल्या एका मास्तरांना ते म्हणाले, "सर, तुमी टाकीवर सरकून बसता. ब्रेक लय दाबता. गाडी तुमच्या हातात नाई, तुमी गाडीच्या हातात हा." मास्तर रागावून गेले. आठवड्यानं त्यांची बायको सीट न्यायला आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमाले कोनं सांगतलं? हे खरंच तसे चालवते."

हाच डोळा काका शर्यतीला लावत. कोणता स्वार किती वेळा जिंकला, त्याला बक्षीस काय मिळालं, असल्या गोष्टींत त्यांना रस नव्हता. "मानूस बसते कसा ते पाय. मंग गाडीचं बोल," हे त्यांचं ब्रीद. आजकालच्या गाड्यांवर ते नाराज असत. "आता गाडीतलं यंत्रच सांभाळते सारं. मानूस घसरू लागला का यंत्र म्हनते, थांब बाबू, मी पाह्यतो. मंग मानसानं काय केलं?" शेवटची रेषा यायच्या आधीच जो हात वर करून नाचायचा, तो त्यांच्या मनातून कायमचा उतरायचा. परदेशी नावं त्यांच्या तोंडी बसत नसत, म्हणून त्यांनी प्रत्येकाला आपलं नाव दिलं होतं. कोपरं पसरून चालवायचा तो कोंबडा. एकही रेघ न चुकणारा तो पटवारी. आणि सगळ्यांत लाडका, काळ्या गाडीवरचा, तो बुढा.

बुढा काही फार म्हातारा नव्हता, पण त्या मैदानात सगळ्यांत जुना होता. काकांनी त्याला एकदाही जिंकताना पाहिलं नव्हतं. दहावा यायचा, बारावा यायचा. "सारं जग पयल्याले पाह्यते," काका म्हणत. "बुढ्याले पाय. दर वळनाले सारखाच येते. कालही तसाच, आजही तसाच. हे सोपं नाई." टायरच्या दुकानातून आणलेलं त्याचं एक चित्र त्यांनी शिलाई मशीनच्या वर चिकटवलं होतं.

आता माझं सांगतो. माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झालो, तेही इंग्रजी घेऊन. ही गोष्ट मी आजही अभिमानाने सांगतो, कारण ती कमावलेली आहे. निकालाच्या दिवशी काकांनी मला सीटच्या लाल रेक्झिनची एक फाइल शिवून दिली, दुहेरी टाक्याची, आत पुठ्ठा घातलेली. "डिगरी मुडपली नाई पायजे. गल्लीतली पयलीच हाये." आणि त्या रविवारी शर्यत लागली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा टीव्हीचा आवाज वाढवला.

तोवर ते आवाज बंद ठेवूनच बघत. "आवाज कायले पायजे? गाडी दिसते ना." पण आता त्यांच्यापाशी ग्रॅज्युएट होता. टीव्हीवर दोन माणसं इंग्रजीत शर्यतीचं वर्णन करत, आणि काका दर दोन मिनिटांनी मान न वळवता विचारत, "काय म्हनते रे ते?"

ते काय म्हणत होते ते मला कळत नव्हतं. दहातलं एखादं वाक्य हाती लागायचं, तेही अर्धं. इंग्रजीच्या कविता आणि नाटकं मी पेपरात लिहून पास झालो होतो. वाचायला दिलं तर आजही वाचतो. पण इंग्रजी ऐकलं होतं ते आमच्या सरांच्या तोंडून, आणि सर अर्धं मराठीत सांगत. 'काका, मले वाचता येते, आयकाले जमत नाई', एवढं बोलायला काय लागलं असतं? मी म्हणालो, "म्हनते का टायर गरम झाले." टायर तर दर शर्यतीत गरम होतातच. काका खूश झाले. पुढच्या रविवारी गल्लीतले आणखी चौघे आले. मग मी दर रविवारी पाचच्या सुमारास जाऊन बसू लागलो आणि जे दिसे त्यावरून काहीबाही सांगू लागलो. कोणाचं काही बिघडत नव्हतं, असं मला वाटे.

असं वर्षभर चाललं. मग एका रविवारी बुढा पडला.

लांब सरळ रस्ता संपून वळण आलं. सगळे वळले, बुढा वळलाच नाही. काळी गाडी नाकासमोर वाळूत घुसली, उलटली, आणि तो चेंडूसारखा घरंगळत गेला. काका सीटवरून उठून उभे राहिले. बुढा हलला, बसला, तेव्हा त्यांनी श्वास सोडला. तोच प्रसंग टीव्हीवर पुन्हा हळू करून दाखवू लागले.

"ब्रेक लागलाच नाई!" काका ओरडले. "पाय, पाय, त्याचे दोन बोटं दाबून हायेत. पन गाडीनं मान खाली घातली नाई. ब्रेक लागला का गाडी पुढून दबतेच, मान खाली घालतेच. काय म्हनते ते?"

टीव्हीवरची दोघं एकाच वेळी बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. दुकानात सात-आठ माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. जुन्या माणसाबद्दल लोक जे बोलतात तेच हे बोलत असतील, असं धरून मी सांगून टाकलं, "म्हनते का वय झालं. घाबरला. ब्रेक उशिरा दाबला."

काका पुन्हा पडद्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "पन मले तं दिसलं..."

"काका, ते तिथं हायेत. त्याईले आपल्यापेक्षा जास्त दिसते." हेही मीच बोललो. पहिलं वाक्य तोंडातून निसटलं म्हणता येईल. या दुसऱ्याला तीही सबब नाही.

"हो ना बावा," काका म्हणाले. "त्याईचं कामच हाये ते. आपन इथं फोम कापतो."

त्यांनी बाकावरचं सीट उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि उरलेली शर्यत खुर्चीवर बसून पाहिली. त्यानंतर शर्यत बघताना ते कधी सीटवर बसले नाहीत. मशीनवरचं बुढ्याचं चित्र दुसऱ्या दिवशी तिथं नव्हतं. गिऱ्हाइकांना सीट बघून काही सांगणंही थांबलं. कोणी आठवण दिलीच तर म्हणत, "मले काय समजते? पाह्यलेलं सारंच खरं नसते."

दिवाळीनंतर काकांनी आपली मोटारसायकल जावयाला देऊन टाकली. त्यांची एकुलती एक मुलगी, सुनंदाताई, अल्लीपूरला दिली आहे. दर पंधरा दिवसांनी काका-काकू त्या गाडीवर लेकीकडे जात. काकू मागे, मांडीवर पिशवी. सीट अर्थातच काकांनी शिवलेलं, काकूंच्या कंबरेला त्रास होऊ नये म्हणून मागच्या बाजूला चार बोटं उंच. गाडी का दिली असं गल्लीत कोणी विचारलं तर काका हसून सांगत, "बुढा इतक्या वर्षाचा मुरलेला. तो घाबरला, तं मी कोन? आपल्याले आपलं टायमावर समजलं पायजे." मी तिथंच उभा होतो. काकू एवढंच म्हणाल्या, "आता यष्टीनं जा." पण यष्टीची वेळ जमेना, आणि पंधरा दिवसांचे दोन-दोन महिने होऊ लागले.

पुढे मला हिंगणघाटला एका कचेरीत नोकरी लागली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत फोनवर ती जुनी शर्यत समोर आली. या वेळी बोलणाऱ्यांचे शब्द खाली लिहून येत होते. वाचता मला येतंच. बुढा सरळ वाळूत गेला आणि खाली अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ असा: त्याच्या हाताकडे बघा, ब्रेक दाबलेला आहे, पण गाडी पुढून खाली जात नाही, ब्रेक गेलेला आहे, यात त्याची काही चूक नाही.

मी ते तीनदा वाचलं. डबा तसाच बंद करून ठेवला.

त्याच रविवारी सांगायचं ठरवून मी काकांकडे गेलो. तिथं पुलगावचं कोणी गिऱ्हाईक बसलं होतं. मला पाहताच काका उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "हा आमचा ग्रॅज्युएट. सरकारी नोकरीत हाये. याच्यानं मले शर्यत समजली. नाई तं मी नुसताच बाकावर डुलत होतो." मी चहा प्यायलो आणि घरी आलो. त्यानंतर आठ महिन्यांत चार-पाच वेळा गेलो. कधी माणसं होती. कधी माणसं नव्हती, तेव्हा काकांची तब्येत बरी वाटली नाही. खरं कारण एकच होतं. खांद्यावरचा तो हात मला खाली येऊ द्यायचा नव्हता.

उन्हाळ्यात काका गेले. दुपारी सीट शिवता शिवता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे मला म्हणाले, "तू शिकेल हायेस, तू बोल." मी दहा मिनिटं बोललो. काकांच्या डोळ्याबद्दल, त्यांच्या सीटबद्दल, माझ्या लाल फाइलीबद्दल. बायांनी डोळे पुसले. त्या एका वाक्याबद्दल मात्र मी तिथंही बोललो नाही.

महिन्याभरानं काकूंनी दुकान आवरायला काढलं. मी मदतीला गेलो. मशीनच्या खणातून काकूंनी बुढ्याचं चित्र काढलं. फाडलेलं नव्हतं, फोमच्या दोन तुकड्यांमध्ये सपाट ठेवलेलं होतं. "तुमी दोघं पाह्यत होते. तुले ठेव," त्या म्हणाल्या.

ते हातात घेऊन मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कळत नव्हतं हे, बनवून सांगितलं हे, आणि खरं काय ते कधी कळलं हेही.

काकूंनी हातातली रेक्झिनची गुंडाळी रचली. मग म्हणाल्या, "मंग हे मले काऊन सांगून राह्यला तू? त्याईले सांगाचं होतं. आठ महिने होते तुह्यापाशी."

मी खालची एक गुंडाळी उचलून त्यांच्या हातात दिली.

"तीस वर्षं मी त्याईच्या मागं बसून फिरली. मले एक डाव भेव नाई वाटलं." त्यांनी शेवटची गुंडाळी भिंतीला टेकवली. "लिहून दे. लिहिता येते ना तुले? मराठीत लिहिजो. सुनंदीले वाचाले देईन. तिले वाटते, शेवटी शेवटी तिच्या बापाच्या मनात भेव भरलतं."

तर लिहून देतो. त्या रविवारी टीव्हीवर कोणीही 'घाबरला' म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं. बुढ्यानं ब्रेक वेळेवर दाबला होता आणि गाडीनं मान खाली घातली नाही. बाकावर बसलेल्या सुखदेवकाकांना जे दिसलं, तेच तिथल्या जाणकारांनी सांगितलं. सुनंदाताई, तुमच्या बाबांना भीती वाटलेली नव्हती. त्यांनी माझं ऐकलं, एवढंच झालं.